होमस्टेला सोशल मीडियावरून नवे पाहुणे मिळतात का? पहिल्या हंगामाआधी करायची कामं

घरामागे दोन-तीन खोल्या बांधून झाल्या, बाथरूमला टाइल्स लागल्या, बोर्ड रंगवून झाला, की मालवण-तारकर्ली पट्ट्यातला प्रत्येक नवा होमस्टेवाला एकच प्रश्न विचारतो: "इन्स्टावर टाकलं तर माणसं येतात काय?" आमच्या घराच्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत नेहमी येतो. माझं उत्तर असं: येतात. पण रील बघून थेट बॅग भरणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. रील फक्त आपलं नाव पोचवतं. त्यानंतर पाहुणा आपल्याला तीन-चार ठिकाणी तपासतो, आणि त्यातल्या एका जरी ठिकाणी आपण कमी पडलो तर शेजारच्या घरी उतरतो. तो आपल्याकडे येणार होता, हे आपल्याला कधी कळतसुद्धा नाही.

हा लेख ज्यांचा पहिलाच हंगाम आहे त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं सिंधुदुर्गातली आहेत, कारण मला हाच किनारा ठाऊक आहे. पण दिवेआगर, गुहागर किंवा दापोलीकडच्या घरांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी पाहुणा कसा येतो ते बघा

पुण्यातलं एखादं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. गुरुवारची रात्र, जेवणं झालीयत, पुढच्या महिन्यात जोडून सुट्टी आलीय. बायकोला कुणीतरी एक रील पाठवलंय: माड, समुद्र, ताटात तळलेली सुरमई. ती नवऱ्याला दाखवते. नवरा नाव वाचतो आणि गुगल मॅपवर टाकतो. घर समुद्रापासून किती लांब, गाडी दारापर्यंत जाते का, लोकांनी काय लिहिलंय, बाथरूमचा फोटो आहे का, हे सगळं तो पाच मिनिटांत बघतो. मग व्हॉट्सॲपवर मेसेज करतो: "दोन मोठे, दोन मुलं, शनिवार-रविवार, रेट?" असाच मेसेज त्यानं आणखी दोन घरांना केलेला असतो. ज्याचं उत्तर आधी आणि नीट येतं, त्याच्याशी तो फोनवर बोलतो. मग ॲडव्हान्स, मग लोकेशन.

ही साखळी आहे, आणि नवे लोक तिच्या पहिल्या कडीवरच सगळी ताकद लावतात. भाच्याला बोलावून ड्रोन उडवतात, रील चढवतात. इकडे मॅपवर घर सापडत नाही आणि मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी जातं. माझं सांगणं असं की काम उलट्या टोकाकडून सुरू करा. आधी उत्तर देण्याची सोय, मग मॅप, मग फोटो, आणि रील सगळ्यात शेवटी.

त्याही आधीची एक गोष्ट थोडक्यात. पर्यटन संचालनालयाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत घराची नोंदणी करून घ्या आणि जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी. प्रोफाइलवर 'नोंदणीकृत' हा शब्द खरेपणानं लिहिता आला पाहिजे.

पहिलं काम: फोन

घरच्या फोनपासून वेगळं एक सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे. त्यात घराचं नाव, पत्ता, वेळ भरता येते, प्रत्येक खोलीचा फोटो आणि दर कॅटलॉगमध्ये ठेवता येतो, आणि नेहमी लागणारी उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात. ही शेवटची सोय आमच्यासारख्यांच्या फार कामाची आहे. कारण दुपारी एक वाजता मेसेज येतो तेव्हा आपल्या हाताला मालवणी मसाला लागलेला असतो आणि कढईत बांगडे असतात.

तयार उत्तर कसं असावं? "नमस्कार. तुम्ही विचारलेल्या तारखांना खोली आहे. दोन मोठे व दोन मुलं यांच्यासाठी एक खोली, रात्रीचा दर अमुक. एसी आहे. बाथरूम खोलीला जोडून, गरम पाणी सकाळी सहा ते दहा. नाश्ता दरात धरलेला आहे, जेवण वेगळं: शाकाहारी थाळी अमुक, मासळी थाळी अमुक. समुद्र चालत सात मिनिटं. गाडी अंगणात लागते. काही विचारायचं असेल तर मी संध्याकाळी पाचनंतर फोनवर आहे." एवढ्यात त्यांचे आठ प्रश्न सुटतात. "रेट फोनवर सांगतो" असं उत्तर देऊ नका. समोरच्याला वाटतं, हे लोक माणूस बघून दर सांगणार.

मुलांचं वय विचारा, जेवणात कुणी मासे खात नाही का ते विचारा. असे प्रश्न विचारले की पाहुण्याला कळतं की पलीकडे खरोखर कुणीतरी बसलंय आणि आपली वाट बघतंय.

ॲडव्हान्सच्या बाबतीत पाहुणे आता बिचकतात, आणि त्यांचं चुकत नाही. खोट्या वेबसाइट, खोटी फेसबुक पानं आणि खोट्या व्हॉट्सॲप नंबरांवरून यात्रेकरूंना आणि पर्यटकांना फसवण्याचे प्रकार इतके वाढले, की भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला. म्हणून आपल्याकडून विश्वासाच्या खुणा जास्तीत जास्त द्या. यूपीआयवर दिसणारं नाव आणि प्रोफाइलवर लिहिलेलं मालकाचं नाव एकच असू दे. मॅपवरचा नंबर, इन्स्टाग्रामवरचा नंबर आणि बोर्डावरचा नंबर एकच असू दे. कुणी शंका घेतली तर राग न धरता दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून घर दाखवा. माझ्या अनुभवात व्हिडिओ कॉलवर घर बघितलेला पाहुणा सहसा मागं फिरत नाही. रद्द केल्यास पैसे किती आणि कधी परत मिळतील, तेही त्याच मेसेजमध्ये लिहा.

दुसरं काम: गुगल मॅप

गुगलवर आपल्या घराची व्यवसाय म्हणून नोंद करायला पैसे लागत नाहीत. "गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद पडेल, इतके भरा" असे फोन नव्या लोकांना हमखास येतात. फोन ठेवून द्यायचा.

नोंद करताना गुगल अनेकदा व्हिडिओ मागतं. रस्ता, घराचा बोर्ड, दरवाजा, आतल्या खोल्या हे सगळं एका सलग व्हिडिओत न तोडता दाखवावं लागतं. म्हणून बोर्ड लावून झाल्यावरच हे काम करा. नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शोधलं तरी सापडेल असं बघा. वर्णनात गाव, तालुका, जवळचं स्टेशन लिहा. मालवणला रेल्वे येत नाही, कुडाळला उतरून पुढे साधारण तीस किलोमीटर यावं लागतं, हे मुंबईच्या माणसाला माहीत असेलच असं नाही.

पिन, म्हणजे मॅपवर घराची जागा दाखवणारी खूण, नीट बसली आहे का, हे स्वतः गाडीवरून जाऊन तपासा. देवबागचंच बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यातून जाणारा रस्ता. पिन थोडी सरकून पलीकडच्या काठावर गेली, तर पाहुणा भोगव्याच्या किनाऱ्यावर उभा राहून समोरचं देवबाग बघत बसेल. होडीनं ते हाकेवर, पण रस्त्यानं परुळ्याकडून केवढा तरी वळसा. रात्री नऊ वाजता, गाडीत झोपलेली मुलं असताना असं झालं, तर पुढचे दोन दिवस कितीही चांगले गेले तरी त्यांनी लिहिलेल्या अभिप्रायाची पहिली ओळ तीच असणार.

आता अभिप्रायांकडे येते. पाहुणा निघताना अंगणात उभा असतो, हातात सोलांची नाहीतर मालवणी मसाल्याची पुडी असते, मन भरलेलं असतं. त्याच वेळी सांगायचं, "जमलं तर गुगलवर चार ओळी लिहा, खोली आणि जेवणाचा फोटो टाकलात तर फार मदत होईल." जेवणाच्या टेबलाजवळ क्यूआर कोड छापून ठेवला की शोधाशोध राहत नाही. सवलत देऊन, सोलकढी फुकट पाजून पाच तारे मागू नका. गुगलच्या नियमात ते बसत नाही. शिवाय एकसारखी कौतुकं वाचून लोकांना खोटेपणाचा वास येतो.

वाईट अभिप्राय येणारच. समजा कुणी लिहिलं, "रात्री दोन तास वीज नव्हती, मुलं रडत होती." त्यावर "कोकणात असं चालायचंच" हे उत्तर खरं असलं तरी उपयोगाचं नाही. "त्या रात्री वाऱ्यानं तारेवर फांदी पडली होती. तुमच्या मुलांना त्रास झाला याचं वाईट वाटतं. आता खोल्यांच्या पंख्यांना इन्व्हर्टर जोडला आहे," असं लिहा, आणि इन्व्हर्टर खरोखर जोडा. हे उत्तर त्या पाहुण्यापेक्षा पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असतं. मी स्वतः बाहेरगावी राहायला जाताना आधी तक्रारी वाचते आणि मग मालकानं काय लिहिलंय ते बघते.

तिसरं काम: काय दाखवायचं

समुद्र आणि सूर्यास्त सगळ्यांकडे आहेत. आधी त्या गोष्टी दाखवा ज्यांची पाहुण्याला काळजी असते: पलंग, चादर, बाथरूम, गाडी लावायची जागा, रस्त्यापासून दारापर्यंतची वाट, रात्री अंगणात किती उजेड असतो ते. घरातून समुद्रापर्यंत चालत जाण्याचा न तोडलेला व्हिडिओ करा. सात मिनिटं म्हणता ना, मग ती सात मिनिटं दिसू द्या. जेवणाचं ताट वरून नीट दाखवा आणि त्याच चौकटीत दर लिहा.

एक प्रसंग सांगते. गेल्या हंगामात कोल्हापूरचं एक जोडपं निघताना मी नेहमीसारखं विचारलं, "आमचं नाव पहिल्यांदा कुठं दिसलं?" बाई म्हणाली, "वहिनींनी रील पाठवलं होतं ताई, घावण्यांचं." मग मी दुसरा प्रश्न विचारला, "आणि फोन करायचं कशावरून ठरवलंत?" ती थोडी संकोचली आणि म्हणाली, "गुगलवर बाथरूमचा फोटो होता. स्वच्छ दिसलं." घावणे आणि बाथरूम. एका नव्या पाहुण्यामागे या दोन्ही गोष्टी होत्या, आणि दुसरी नसती तर पहिलीचा काही उपयोग झाला नसता.

ते घावण्यांचं रील आम्ही ठरवून केलेलं नव्हतं. सकाळचे साडेसात, स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतून उजेड आत येत होता. सासूबाई बिडाच्या तव्याला नारळाच्या शेंडीनं तेल पुसत होत्या. पीठ तव्यावर पडलं, छर्र आवाज झाला, जाळी पडत गेली, त्यांनी झाकण ठेवलं आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "आता ह्येका हात लावूचो नाय." वीस-बावीस सेकंदांचा तुकडा. मी त्यावर गाणं लावलं नाही. लोकांनी तोच एकमेकांना पाठवला, कारण तो आवाज आणि ते बोलणं दुसऱ्या कुणाकडे मिळणार नव्हतं.

तुमच्या घरातही असं काहीतरी असेलच. मे महिन्यात अंगणात सोलं वाळत घातलेली असतात. मसाल्यासाठी मिरच्या भाजताना सगळं घर ठसकत असतं. ओल्या काजूच्या बिया सोलताना हात काळे होतात. पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढली जाते. हे आपल्याला रोजचं वाटतं म्हणून आपण दाखवत नाही. रापणीवरच्या माणसांना मात्र विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नका, ते कामावर असतात. पाहुण्यांचे, विशेषतः त्यांच्या मुलांचे चेहरे त्यांच्या परवानगीशिवाय टाकायचे नाहीत, हे तर पक्कंच.

चित्रीकरणाच्या बाबतीत फार सांगण्यासारखं नाही. फोनची लेन्स आधी पुसा, किनाऱ्यावर तिच्यावर खाऱ्या हवेचा थर बसतो आणि सगळं धुरकट येतं. फोन उभा धरा. एका दृश्यावर चार-पाच सेकंद थांबा. वारा असेल तर बोलणं घरात येऊन रेकॉर्ड करा. खाली मराठीत दोन ओळी, गावाचं नाव, तालुका, फोन नंबर, आणि लोकेशन टॅग. आठवड्याला दोन पोस्ट पुरे. हंगामात वेळ मिळत नाही, म्हणून सवड असेल तेव्हा तुकडे घेऊन साठवून ठेवा.

इन्स्टाग्रामचं खातं 'प्रोफेशनल' करून घ्या, त्यालाही पैसे लागत नाहीत. मग प्रत्येक रील तुम्हाला फॉलो न करणाऱ्या किती जणांनी बघितलं हे कळतं. नव्या पाहुण्याच्या दृष्टीनं बघण्यासारखा आकडा तोच. प्रोफाइलच्या वरच्या बाजूला तीन पोस्ट पिन करून ठेवा: खोल्या आणि दर, यायचं कसं, जेवण काय.

आणि दाखवाल ते खरं दाखवा. दुसऱ्याच्या ड्रोनचं निळंशार पाणी आपल्या पानावर नको. हंगामाबद्दलही खरं बोला. आपल्याकडे २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद असतात, म्हणजे स्कूबा नाही, डॉल्फिन नाही, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणं नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. अशा वेळी सुरमईच्या ताटाचं जुनं रील पुन्हा चढवून पाहुणा आणला, तर त्याच्या ताटात बर्फातला मासा पडेल. पावसाळ्यात घर चालू ठेवणार असाल तर पावसाळाच दाखवा: फणसाच्या आठळ्या, टाकळ्याची भाजी, कौलांवरून पडणारं पाणी. जो त्यासाठी येईल तो खूश होऊन जाईल.

गावाबरोबर केलं तर जास्त चालतं

एकट्या दोन खोल्यांसाठी कुणी चारशे-पाचशे किलोमीटर गाडी चालवत नाही. माणूस आधी गाव निवडतो, मग घर. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, पुढे गावकऱ्यांबरोबर कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणारे लोक गावातल्या घरांतच राहू-जेवू लागले. तिथं आधी गावाची गोष्ट पसरली आणि पाहुणे घराघरांत वाटले गेले.

म्हणून होडीवाला, स्कूबावाला, शेजारचा होमस्टे यांना आपल्या पोस्टमध्ये जागा द्या आणि त्यांनाही तसंच करायला सांगा. आपलं घर भरलं असेल तर पाहुण्याला शेजाऱ्याचा नंबर द्या. तारखांवरही लक्ष ठेवा. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की त्याच दिवशी आपल्या पानावर "जत्रेसाठी खोल्या" असं लिहिणाऱ्याकडे पहिले फोन जातात.

इन्फ्लुएन्सर

"दोन रात्री फुकट राहू द्या, रील करतो," असे मेसेज तुम्हालाही येतील. मी सरसकट नाही म्हणत नाही, पण तीन गोष्टी बघते. त्याचे बघणारे कुठल्या शहरांतले आहेत याचा स्क्रीनशॉट मागते. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव नसेल तर लाखभर फॉलोअर असूनही आपल्याला उपयोग नाही. काय काय टाकणार, कधी टाकणार, हे व्हॉट्सॲपवर लिहून घेते. आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा कधीच देत नाही. एकदा दिला होता. एका मोठ्या पानाच्या मुलांनी नाताळात दोन खोल्या तीन रात्री वापरल्या, आणि आमचं घर त्यांच्या रीलमध्ये फक्त दोन सेकंद दिसलं, तेही नावाशिवाय. त्या खोल्यांसाठी पैसे देऊन येणाऱ्या दोन कुटुंबांना मी नाही म्हटलं होतं.

फुकट राहणं हाही मोबदलाच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो मोबदला पोस्टमध्ये स्पष्ट सांगावा लागतो. कुणी तो लपवायला सांगितला तर त्याला नकार द्या.

जाहिरात

पहिल्या हंगामात पैसे भरून जाहिरात शक्यतो करू नका. उत्तर, मॅप, फोटो जागेवर नसताना जाहिरात केली की आपण पैसे देऊन शेजाऱ्याच्या घरी पाहुणे पाठवतो. पुढे केलीत तर थेट व्हॉट्सॲप उघडणारी जाहिरात करा, तीन-चार शहरांपुरती, जोडसुट्टीच्या तीनेक आठवडे आधी, आणि खोल्या भरल्या की बंद करा.

हिशेब असा मांडा. समजा खोली २५०० रुपये, दोन रात्रींचे ५०००. बुकिंगच्या ॲपवरून पाहुणा आला आणि कमिशन १८ टक्के असेल, तर ९०० रुपये गेले. आता जाहिरातीला ३००० घातले, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३५४०. म्हणजे जाहिरातीतून किमान चार बुकिंग आली, तर ती ॲपपेक्षा स्वस्त पडली. तीनच आली, तर ॲप बरं होतं. हे चार पाहुणे खरोखर नवे हवेत. आपला नंबर आधीपासून असलेला माणूस जाहिरातीवर बोट टेकवून आला, तर तो यात धरायचा नाही.

वही

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि ते कुणी करत नाही. शंभर पानी वही घ्या आणि रकाने आखा: तारीख, गाव, नवे की जुने, नाव पहिल्यांदा कुठं दिसलं, फोन कशावरून केला, किती रात्री, किती पैसे. कोल्हापूरच्या बाईंना विचारले ते दोन प्रश्न प्रत्येकाला विचारायचे. एकच विचारलात तर "गुगलवर बघितलं" एवढंच उत्तर येईल आणि वहिनींनी पाठवलेलं रील हिशेबातून निसटेल. किंवा उलट.

वहीच्या मागच्या बाजूनं दुसरी यादी करा: विचारलं पण आले नाहीत ते. कारण लिहा. दर जास्त वाटला, एसी नव्हता, आपण उत्तर उशिरा दिलं, खोली भरलेली होती, कळलं नाही. ही यादी वाचायला जड जाते, पण तिच्यातून पुढचा खर्च कुठं करायचा ते कळतं. मागच्या पानावर सहा वेळा "एसी" लिहिलेलं असेल, तर रीलवर वेळ घालवण्याआधी एका खोलीला एसी बसवा.

सोशल मीडिया फुकट आहे असं म्हणतात, पण त्यात आपला वेळ जातो, आणि हंगामात बाईमाणसाचा वेळ सगळ्यात महाग असतो. रोज एक तास रीलवर जात असेल आणि मार्चअखेर वहीत इन्स्टाग्रामचं नाव एकदाही आलं नसेल, तर तो तास दुसरीकडे वळवा. गुगलवर नवे फोटो टाका, आलेल्या अभिप्रायांना उत्तरं द्या, जुन्या पाहुण्यांना मेसेज करा. उलट नव्या पाहुण्यांच्या ओळीत ते नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर आणखी एक तास द्यायला हरकत नाही. कुणा तज्ज्ञाला विचारण्यापेक्षा वहीला विचारा. तिच्यात फक्त तुमच्या घराचे पाहुणे आहेत.

जुन्या पाहुण्यांमधून नवे

आमच्याकडे येणाऱ्या नव्यांपैकी पुष्कळ जण जुन्या कुणाचे तरी भाऊ, साडू, ऑफिसातले निघतात. म्हणून पाहुणा निघण्याआधी "आमचा नंबर सेव्ह करून ठेवा" असं सांगा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरचा, म्हणजे एकदम अनेकांना वेगवेगळा जाणारा, मेसेज ज्यांनी नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. मेसेज पाठवला तर चालेल का, हेही तेव्हाच विचारा. वर्षाला चार मेसेज बास: आंबा सुरू झाला तेव्हा, दिवाळीच्या सुट्टीआधी, नाताळाआधी आणि होड्या सुरू होताना. त्यांनी तो आपल्या ग्रुपवर पुढे पाठवला, की तुमची सगळ्यात खात्रीची जाहिरात झाली.

जून ते ऑगस्ट

ही सगळी कामं करायला खरी सवड पावसाळ्यात मिळते. जूनमध्ये वही वाचा आणि मागची यादी बघून डागडुजी ठरवा. जुलैत तयार उत्तरं पुन्हा लिहा, दर ठरवा, मॅपवरच्या वेळा आणि नंबर तपासा. खोल्यांना रंग दिला की लगेच नवे फोटो काढा, उजेड आहे असा दिवस धरून. गणपतीत घरचेच चाकरमानी येतील आणि खोल्या त्यांना लागतील, त्या तारखा प्रोफाइलवर आधीच बंद दाखवा. नारळी पौर्णिमेला बंदरावर सोन्याचा नारळ सोडतात, तेव्हा फोन घेऊन जा. आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या पाहुण्यांना पहिला मेसेज टाका: "१ सप्टेंबरपासून होड्या सुरू होतायत. तुमची खाडीकडची खोली रंगवून ठेवलीय."